अकरा हजार चारशे

ती फिर्याद नोंदवून बरीच वर्षे झाली, पण तिच्यातली रक्कम मला शिपाई म्हणून भरती झालो तेव्हाच्या बक्कल नंबरासारखी पाठ आहे. अकरा हजार चारशे रुपये. माझ्या नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, लाखांच्या अफरातफरी पाहिल्या. त्यांचे आकडे आज विचाराल तर कागद शोधावे लागतील. हा आकडा मात्र डोक्यातून जात नाही.

शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. ओळीने दोन वर्षे पाऊस रुसला होता. धरण आटले होते, नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हते आणि आमच्या ठाण्यात निम्म्या तक्रारी टँकरवरच्या भांडणांच्या असायच्या. गंमत अशी, की त्याच वर्षांत शहर चारही अंगांनी वाढत होते. ज्या रानात बाजरीसुद्धा उगवली नव्हती, तिथे चुन्याच्या रेषा मारून प्लॉट विकले जात होते. मी ठाण्यात उपनिरीक्षक होतो.

एका गुरुवारी सकाळी असाच एक प्लॉटिंगवाला ठाण्यात आला. मूळचा शहराला लागून असलेल्या खेड्यातला शेतकरी. जमिनीला भाव आला, ती विकली, त्या पैशावर धंदा उभा केला आणि नव्या कॉलनीत दुमजली घर बांधले. माणूस उर्मट नव्हता, पण घाईत होता. दुपारी त्याला एक खरेदीखत नोंदवायचे होते. त्यासाठी सव्वादोन लाख रुपये रोख कपाटात, एका जुन्या पितळी डब्यात ठेवले होते. सकाळी मोजले तर अकरा हजार चारशे कमी भरले.

ठाणे अंमलदाराने लिहिता लिहिता पेन थांबवले. "बाकीचे आहेत?"

"आहेत ना. तेच तर कळंना."

"कुलूप तोडलंय?"

"नाही. किल्ली देवघरात फोटोमागं असती, ती तिथंच हाय. आणि साहेब, अजून एक." त्याने खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर उघडली. त्यात मूठभर ज्वारी होती. "हे डब्यात होतं. पैशावर टाकलेलं. घरातल्या बायका भानामती म्हणून घाबरून बसल्यात."

मी पंचनाम्याला गेलो. कपाट, डबा, देवघर, किल्ली, सगळे पाहिले. पंच बोलावले, मोजमापे घेतली. ओसरीवर एक बाज होती आणि बाजेवर फिर्यादीची म्हातारी आई बसली होती. तिने मला पाण्याचा तांब्या दिला. पंचनाम्यात मी बाज लिहिली, बाजेवरची आजी लिहिली नाही. पुढे ही चूक मला चांगलीच बोचली.

संशय कुणावर, असे विचारल्यावर घरच्यांनी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे नाव घेतले. कॉलनीच्या वॉचमननेही हळूच खबर दिली, की मंगळवारी दुपारी ती भरलेली पिशवी घेऊन गेली. शिवाय ज्वारी. घरातली सगळी मंडळी चपात्या खात, भाकरी फक्त आजीला लागायची आणि ती ही बाई थापायची. म्हणजे ज्वारीच्या डब्याला हात लावणारी तीच. मला गुन्हा उघडकीस आल्यासारखाच वाटला. जीप काढली, महिला शिपाई सोबत घेतली आणि तिला तिच्या वस्तीतून भर दिवसा उचलून आणले. घरझडतीत काही मिळाले नाही. पिशवीत आजीने दिलेले पीठ होते, असे ती म्हणाली.

ती चाळिशीची, काटक बाई. नवरा वाळूजला कंपनीत हंगामी कामगार, दोन मुली शाळेत. रडली, पण मुद्द्याला धरून रडली. तासभर तेच तेच प्रश्न विचारल्यावर तिने डोळे पुसले आणि मलाच विचारले, "साहेब, तुम्ही म्हणता डब्यात सव्वादोन लाख होते. मला चोरायचेच असते तर मी एवढेच का घेतले असते?"

वेळ मारून न्यायला मी म्हणालो, "लक्षात येऊ नये म्हणून."

"मग शंभर घेतले असते. नाय तर पाचशे. अकरा हजार चारशे का?"

संध्याकाळ व्हायच्या आत तिला घरी सोडले आणि दुसऱ्या दिवशी हजर राहायला सांगितले. पण तिचा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला तो बसलाच. चोर घाबरून थांबला तर हाताला येईल तेवढे उचलतो. हावरा असेल तर डबाच नेतो. मोजून अकरा हजार चारशे घेणारा माणूस घाबरलेलाही नव्हता आणि हावराही नव्हता. त्याला कुठे थांबायचे ते ठाऊक होते. मला तो माणूस पकडण्यापेक्षा बघायचीच जास्त उत्सुकता लागली.

मग मी ठाण्यात ज्याला त्याला एकच प्रश्न विचारू लागलो. समोर सव्वादोन लाखांचा डबा आहे, कुणी बघत नाही, तू किती घेशील? रायटर म्हणाला, "साहेब, खात्यात आहे, असं विचारू नका," आणि पाच मिनिटांनी परत येऊन म्हणाला, "घराच्या स्लॅबपुरते." ड्रायव्हरला आधी गाडीचे हप्ते फेडायचे होते, मग त्याला भावाच्या लग्नाची आठवण झाली, मग त्याने सगळेच घेतले. जमादार मुरलेला गडी. तो म्हणाला, "मी सगळे घेईन आणि रात्रभर झोपणार नाही. म्हणून मी घेत नाही." चहावाल्यापासून लॉकपमधल्या पाकीटमारापर्यंत सगळ्यांना विचारून झाले. एकालाही झटकन आकडा सांगता आला नाही. ज्याने सांगितला त्याचा बोलता बोलता वाढत गेला.

शुक्रवारी बाईला पुन्हा बोलावले. ती कामाला जायची ती चार घरे होती, चौघांनीही तिला तोवर येऊ नको म्हणून कळवले होते. ती बाकावर बसून होती आणि तिच्याकडे बघायचे मी टाळत होतो.

त्या दिवशी जेवायला घरी गेलो, तर बायको शेजारणीचा स्टीलचा डबा धुऊन त्यात शेंगदाणे भरत होती. शेजारणीने परवा त्यात थालीपीठ पाठवले होते.

"तिने मागितलेत का शेंगदाणे?"

"मागायला कशाला पाहिजेत? रिकामा डबा परत द्यायचा का कुणाला?"

मी घास हातात धरून बसलो. आमची आईसुद्धा हेच करायची. काही नसले तर मूठभर दाणे टाकायची, पण शेजाऱ्याचे भांडे रिकामे पाठवायची नाही. मी भानामती आणि ज्वारी यातच घुटमळत होतो. डबा कपाटातच उघडला असे मी धरून चाललो होतो. तो जर कुणी कपाटातून काढून दुसरीकडे उजेडात नेला असेल, हवे तेवढे मोजून घेतले असतील आणि डबा परत आणून ठेवला असेल, तर? मूठभर ज्वारी टाकून डबा परत करणारा माणूस स्वतःला चोर समजत नसतो. आणि त्या घरात ज्वारी कुणाची, ते मला आधीच माहीत होते.

जेवण अर्धे टाकून मी थेट त्या घरी गेलो. आजी बाजेवर वाती वळत होती. मी खाली पायरीवर बसलो.

"आजी, डब्यातले पैसे तुम्ही घेतले का?"

"व्हय." तिने वात वळणे थांबवलेसुद्धा नाही. "अकरा हजार चारशे. नोटा नीट दिसंना कपाटापाशी, म्हणून डबा हितं बाजंवर आणून मोजले. मूठभर जवारी टाकून परत ठिवला जागच्या जागी."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणी इचारलं का? तू काल आलता, पाणी पिऊन गेलास."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पोलीस प्लॉटच्या कामाला आले असे सांगून घरच्यांनी आजीला यातले काहीच कळू दिले नव्हते. म्हातारीला त्रास नको म्हणून बाई गावाला गेली असे सांगितले होते. मी बाईचे खरे काय ते सांगितले, तेव्हा तिच्या हातातली वात पहिल्यांदा थांबली. "माह्यामुळं तिला नेली?" असे म्हणत तिने पदर तोंडाला लावला.

मग तिने सगळे सांगितले. तिची लेक सिल्लोडला दिलेली. जावई किराणा दुकानात हिशेबाला. त्यांच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा. ज्यांच्याकडे मोठी टाकी ते आठवड्याचे पाणी भरून मोकळे. लेकीकडे घागरी आणि दोन पिंप. ते संपले की लांबच्या विहिरीवरून आणायचे. आजी लेकीकडे राहायला गेली होती तेव्हा लेकीच्या हाताला फोड पाहून आली. दुकानात जाऊन स्वतः भाव विचारला. टाकी, नळी आणि टेम्पोचे भाडे मिळून अकरा हजार चारशे. या सोमवारी ती मुलाच्याच गाडीतून लेकीला भेटून आली, तेव्हा पैसे पदरात बांधलेले होते.

मी विचारले, "मुलाला मागितले असते तर त्याने दिले नसते का?"

"दिले असते की. पन्नास हजार दिले असते. पोरगा माहा वाईट नाय. पण त्याचं पैसं ती घेत नाय." जमीन विकताना बहिणीने आपला वाटा सोडल्याचा कागद, म्हणजे हक्कसोड, भावाला करून दिला होता. आमच्याकडे असे कागद साडीचोळीवर होतात. हाही तसाच झाला होता. बहीण त्यावर एक शब्द बोलली नाही, पण तेव्हापासून भावाकडून तिने काही घेतलेही नाही. "आईचं घेती. म्हणून आईचं पाहिजेल होतं. डबा माह्या माहेरचा, जमिनीत माहं बी नाव होतं. अंगठा मी बी दिलाय."

"मग आजी, सव्वादोन लाख होते. थोडे जास्त घ्यायचे."

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू विचारत होती, याला पोलिसात कुणी घेतलं. "टाकी तेवढ्यालाच होती."

मुलगा दारात येऊन उभा होता. तो आत आला आणि बाजेच्या पायथ्याशी बसला. म्हणाला, "आई, मला सांगायचं तरी." आजी म्हणाली, "तुला मागायची मला सवय नाय रे. आजवर तूच मागायचास."

जबाबाची खातरजमा म्हणून मी शनिवारी सकाळी सिल्लोडला गेलो. खरे तर दुकानाची पावती फोनवरही तपासता आली असती. मला ती टाकी बघायची होती. घराच्या कोपऱ्यात काळीकुळकुळीत टाकी उभी होती, तिला हळदीकुंकू लावलेले होते. लेक दार उघडायला आली ती झोपेतून उठून. लाजून म्हणाली, "आता एकदा नळी लावली की आठ दिवस बघायचं नाय. काल दुपारी बी झोपले. लई वर्षांनी." मग गणवेशाकडे बघून घाबरली. "पैसे परत द्यायचेत का?" मी नाही म्हणालो. हा निर्णय माझ्या अखत्यारीतला नव्हता, तरी म्हणालो.

फिर्यादीने लेखी जबाब दिला. फिर्याद गैरसमजातून झाली, असा अहवाल आम्ही न्यायालयाला पाठवला. कागदावर प्रकरण मिटले. राहिली ती बाई.

त्याच संध्याकाळी तिला ठाण्यात बोलावून मी खरे काय ते सांगितले. प्लॉटिंगवालाही आला होता. त्याला मनापासून वाईट वाटत होते. त्याने तिच्यापुढे पाकीट धरले. दहा हजार असावेत. तिने ते घेतले नाही, पण नाकारण्याचा तोराही दाखवला नाही. म्हणाली, "शेठ, माझे तीन दिवसांचे खाडे कापू नका, एवढंच." मग माझ्याकडे वळली.

"साहेब, मला जीपमधून नेलं ना, तसं जीपमधूनच सोडा. आत्ता नको. उद्या अकराला आमच्याकडं टँकर येतो. तवा सगळ्या बाहेर असत्यात."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी इस्त्रीचा गणवेश घातला, तिला जीपमध्ये पुढे बसवले आणि बरोबर अकराला वस्तीच्या तोंडाशी थांबलो. टँकर लागलेला होता, घागरींची रांग वळणापर्यंत गेली होती. आम्ही उतरताच बोलणी बंद झाली. नोकरीत मी मोर्चापुढे बोललो आहे, मंत्र्यांपुढे बोललो आहे, पण पाण्याच्या रांगेपुढे कधी बोललो नव्हतो. मी टोपी काढली आणि मोठ्याने म्हणालो, "या बाईंनी काहीही घेतलेलं नव्हतं. चूक आमची झाली. पोलिसांची."

रांगेत पुढे उभी असलेली एक म्हातारी वाकली, तिने आपली घागर मागे सरकवली आणि पुढे एका घागरीपुरती जागा केली. बाई मान वर करून चालत गेली आणि तिथे उभी राहिली.

चारपैकी तीन घरांनी तिला परत कामाला घेतले. चौथ्याने घेतले नाही आणि त्याला मी काही करू शकलो नाही.

निवृत्तीनंतर फंडाचे पैसे मिळाले, तेव्हा बँकेतल्या मुलीने गुंतवणुकीचा एक फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता, आपल्याला किती रकमेची गरज आहे. मी पेन उघडून बसलो आणि मला ती आजी आठवली. तिने टाकीचा भाव विचारला, तेवढे घेतले आणि डबा जागेवर ठेवला. त्या बाईने तीन दिवसांचे खाडे आणि अकराची वेळ मागितली. दोघींना आपल्याला काय हवे ते नेमके माहीत होते. आम्ही ठाण्यातले सगळे मात्र नुसता आकडा वाढवत राहिलो होतो.

मुलगी म्हणाली, "सर, अंदाजे लिहिलं तरी चालेल." मी तो रकाना कोरा ठेवला. आता सत्तरी ओलांडली आहे, आणि तो अजून मला भरता आलेला नाही.