पायाळूचा शेजार

कळंबच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा गावाच्या टोकाला एक पायाळू माणूस राहायचा. जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले होते. भातलावणीत कोणाच्या कमरेत उसण भरली की लोक त्याच्याकडे जात, पाठीला त्याचा पाय लावून घेत आणि बरे वाटले की निघून जात. शेतात असताना आभाळ गडगडले की मात्र त्याच्याजवळ कोणी थांबत नसे. पायाळूवर वीज पडते म्हणत. मग तोच आपले इरले उचलून शेताच्या दुसऱ्या टोकाला जायचा.

बसून बसून माझी कंबर धरली तेव्हा मीही गेलो. त्याने पाय लावलाच नाही.

"मास्तर, उताणं पडा. एक गुडघा हातांनी पोटाशी घ्या, हलक्यानं. दुखंल तितं थांबा. आता दुसरा."

शेजारी आडवा होऊन तोही तसेच करत होता.

"हे गावाला का नाही शिकवत?" मी विचारले.

गुडघे कवटाळून तो आढ्याकडे बघत म्हणाला, "मग माज्याकडं कोन येल? तुमी शिकलेलं मानूस. तुमी तरी याल."

मी रोज सकाळी गुडघे पोटाशी घेतो. कंबर पुन्हा धरली नाही. त्याच्या दारातही मी पुन्हा गेलो नाही.