लाईन साफ करणारा डबा

आई गेल्यावर तिचा आवाज म्हणून आमच्याकडे एकच कॅसेट उरली. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या उन्हाळ्यात, जवाहरनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बाबांनी ती भरली होती. विहारातल्या बायकांसोबत आई भीमगीतं म्हणायची. त्यातलं एक तिनं उशीला टेकून म्हटलं, कारण तेव्हा तिला नीट बसवतही नव्हतं. त्या सालचा पावसाळा तिनं पाहिला नाही.

निवृत्तीनंतर भंडाऱ्यात घर बांधलं तेव्हा बाबांनी अ‍ॅम्प्लिफायर, डेक आणि कमरेएवढे दोन स्पीकर घेतले. मला वाटलं, म्हातारपणाचे चोचले. पण पहिल्याच दिवशी त्यांनी तीच कॅसेट लावली. गाण्यामागे सतत एक घूंऽऽ, वर खरखर. आई त्यात बुडून गेली होती.

बाबा जन्मभर वायरमन. घरात कुठलाही घुमारा येतो तो लाईनमधूनच, हे त्यांचं पक्कं मत. त्यांनी अर्थिंगचा खड्डा उकरून मीठ-कोळसा नव्यानं भरला, रोज सकाळी त्यात बादलीभर पाणी ओतू लागले. घूं तसाच. मग वीज गाळून देणाऱ्या पॉवर कंडिशनरचं खूळ डोक्यात शिरलं. शेजारीण मला विचारायची, "तुझ्या बाबाले केसाले लावाचा कंडिशनर कायले पाहिजे व?" मला हसूही यायचं आणि संतापही.

नागपुरात आम्ही तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दोघांनी स्टॅबिलायझरच पुढे केला.

"हे व्होल्टेज सांभाळते, भाऊ. मले लाईन साफ करणारं पाहिजे," बाबा पुन्हा पुन्हा सांगत होते.

तिसऱ्याकडे दोन डबे होते. एकावर निळे दिवे, काटे, सगळा थाट. बाबांनी दोन्ही हातांनी तोलून पाहिले आणि दुसरा, ओबडधोबड, निवडला. म्हणाले, "वजन आहे. म्हंजे आत तांबं आहे." येताना बसमध्ये तो डबा त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही.

घरी जोडला. खरखर खरंच गेली. घूं मात्र होताच. गाणं संपलं आणि माझा पारा चढला.

"फसवलं तुम्हाले, बाबा! मी म्हणत होती ना..."

एरवी गाणं संपून नुसती खरखर उरली की बाबा डेक बंद करायचे. माझ्या बडबडीत ते राहून गेलं. एकाएकी त्यांनी हात वर करून मला थांबवलं. इतकी वर्षं खरखरीत गाडलं गेलेलं काहीतरी स्पीकरमधून स्वच्छ येत होतं. आईचा दमलेला आवाज.

"अजी, कूलर बंद कराचा होता ना. गाण्यात त्याचाच आवाज येऊन राहिला."

मग बाबांचा, तेव्हाचा, भरदार. "राहू दे. उकडते ना तुले."

आणि खट्ट.

बाबा खाली फरशीवरच बसले. वायरमन माणूस, सगळी लाईन तपासली आणि आईच्या पलंगाजवळचा, कॅसेटमध्येच भरला गेलेला कूलर विसरला. माझ्या जिभेची मला फार लाज वाटली. काहीतरी भरून काढायचं म्हणून मी म्हणाले, "बाबा, आता कम्प्युटरवर तेवढा घूं काढता येते. मी करून आणीन."

त्यांनी डेकवर हात ठेवला.

"नोको," ते म्हणाले. "तिले उकडन."