फाटकावरची अंडी

निवृत्तीनंतर मी हट्टाने या कॉलेजच्या गावात घर घेतलं. आसपास तरुण मुलं असली की म्हातारपण जाणवणार नाही, असं वाटायचं.

आज सकाळी फाटक उघडताना हाताला चिकट, घाणेरडं काहीतरी लागलं. कुणाच्या तरी वाढदिवसाची फोडलेली अंडी आणि केक. वर माश्या घोंगावत होत्या.

समोरच्या हॉस्टेलमधली मुलगी जाता जाता हसून म्हणाली, "सॉरी आजोबा, काल माझा बर्थडे होता ना!"

ती थांबलीही नाही. बायको बादली घेऊन आली. "हौस तुमचीच होती," एवढंच म्हणाली.

मी फाटक घासत राहिलो. अंड्यांपेक्षा त्या हसण्याची किळस जास्त वाटत होती. इथे कुणीतरी राहतं, हे रात्री त्या मुलांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.