पालथी पाटी

आमच्या बाजारात पालथी पाटी म्हणजे माणूसच. हे आधी सांगून ठेवते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मुकुंदवाडी स्टेशनाच्या अलीकडं एक मोकळं मैदान आहे, तिथं आमचा शेतकरी बाजार भरतो. मी करमाडकडून पालेभाजी घेऊन येते. मेथी, शेपू, अंबाडी, चुका, जे वाफ्यात असंल ते. आता बाजाराला येणाऱ्या आम्ही सगळ्या बाया घरदारवाल्या. कुणाचं दुखतंखुपतं, कुणाची लेक बाळंतपणाला आलेली, कुणाच्या घरात सुतक. अशी बाई त्या आठवड्याला येत नाही. पण तिची एक रिकामी पाटी शेजारणीकडं ठेवलेली असते. शेजारीण आल्या आल्या ती पाटी तिच्या जागेवर पालथी घालते. मग तिथं कुणी बसत नाही की माल मांडत नाही. नेहमीची गिऱ्हाइकंसुद्धा पाटीला वळसा घालून जातात आणि विचारतात, "का हो, बरं नाही का त्यांना?" हा नियम कुणी केला मला ठाऊक नाही. मी आले तेव्हा होताच.

माझ्या शेजारी, कडुलिंबाच्या बुडाशी, एक म्हातारी बसायची, सगळा बाजार तिला खाला म्हणायचा. दौलताबादकडं तिची जांबाची, म्हणजे पेरूची, बाग. सकाळच्या पॅसेंजरला दौलताबादला चढायची अन् मुकुंदवाडीला उतरायची, म्हणून तर तिनं शहर ओलांडून हा बाजार धरला. जांब तोडताना देठाला एक पान ठेवायची. मी चिडवायची, "खाला, पानाचं बी वजन लावती काय गं?" ती म्हणायची, "पत्ता सुकला की समझो माल बासी. गिऱ्हाइकानं माझ्यावर भरोसा नको ठेवू, पत्त्यावर ठेव." अन् माझी मेथी जरा चेंबलेली दिसली की सगळ्यांच्या देखत विचारायची, "बाई, ही भाजी है का रातभर कोई सोया इसपे?" मग दोघींत एक चहा. कप माझा, बशी तिची. घरी जाताना माझ्याकडची अंबाडीची जुडी पदरात घ्यायची. कधी सुटली नाही तिची अंबाडी.

तिचे दोन्ही लेक चांगले आहेत, नावं ठेवायला जागा नाही. एक वाळूजला कंपनीत, दुसऱ्याची गाडी आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की अम्मीनं आता बाग उक्ती द्यावी. उक्ती म्हणजे फुलं लागली की व्यापारी येणार, सगळा बहार एकदाच घेणार. पुढं राखण त्याची, तोडणी त्याची. मालकानं बागेत पाय टाकायची गरज नाही. खालाला तेच नको होतं. मला एकदा म्हणाली, "बाई, बाजारात माझी जागा है, तोपर्यंत बाग माझी. जागा गेली की मग पोरं पूछणारच, अम्मी, कुणासाठी तोडतीस?"

अन् मग बागेतच, पाटाच्या ओल्या कडेवरून ती घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मी शहरातूनच परस्पर तिच्या घरी गेले, बाजेवर पडलेली होती. माझा हात धरून म्हणाली, "जागा संभाल मेरी." मी म्हणाले, "व्हय गं. तू उठायचं बघ."

तेव्हापासून दर बाजाराला तिची पाटी लिंबाच्या बुडाशी मी पालथी घालायला लागले.

त्याच दिवसांत सगळे बाजार एक करायचं निघालं. शहरात आमच्यासारखे शेतकरी बाजार ठिकठिकाणी झालेत. मुकुंदवाडीला आमचा, वाळूजला एक, हर्सूलकडं, पडेगावकडं. ज्याचा त्याचा कारभार वेगळा. दोन बाजारांचा वार एकच यायचा, अन् गिऱ्हाईक दोन्हीकडं निम्मं. आमच्याकडं पालेभाजीच्या राशी अन् कांदा औषधाला नाही. पडेगावला कांदाच कांदा. संध्याकाळी उरलेला माल गुरांना. तर ठरलं, की सगळ्यांची मिळून एक कमिटी करायची. वार वाटून घ्यायचे. एक टेम्पो गावोगाव फिरून माल उचलेल, एका बाजारात उरलेलं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजारात जाईल. मला हे मनापासून पटलं होतं. आजही पटतं. अंबाडी गुरांपुढं टाकताना माझ्या जिवाला काय व्हायचं, ते मला ठाऊक.

प्रत्येक बाजाराचं एक माणूस सभेला बोलावलं. आमच्या बाया म्हणाल्या, "तुम्हीच जा. तुमचं तोंड तसंही थांबत नाही."

सभा एका मंगल कार्यालयात होती. चालवणारा पडेगावकडचा एक तरणा शेतकरी, बोलायला मऊ. बाकीच्या गोष्टींना कुणाची ना नव्हती. मग तो म्हणाला, "आता जागांचं. जागा कुणाच्याच मालकीची नाही. दर बाजाराला सकाळी चिठ्ठ्या टाकायच्या, चिठ्ठीत निघंल तिथं बसायचं. जो आला नाही त्याची जागा नाही."

मी उठलेच. पालथ्या पाटीचं सगळं सांगितलं. खालाचं सांगितलं, नाव न घेता. म्हणाले, "दादा, आजारी माणसाला जागा राखली तर ते उठायची उमेद धरतं. तेवढं एक आमच्याकडचं राहू द्या." माना हलल्या. एकजण म्हणाला, "मावशीचं खरंय." मला वाटलं, झालं काम.

तेव्हा मागून वाळूजच्या बाजाराची बाई उभी राहिली. माझ्या नातीच्या वयाची असंल. कडेवर लेकरू, ते तिच्या मंगळसूत्राशी खेळत होतं. ती म्हणाली, "आजी, पालथी पाटी आमच्याकडं बी होती. तुमच्यावानीच होती आधी. मग भाजीचे व्यापारी शिरले. पहाटेच येऊन मैदानभर पाट्या पालथ्या घालून जायचे. कुणाची म्हणून विचारलं की सांगायचे, आजारी शेतकऱ्याची हाय. कंपनी सुटायच्या टायमाला यायचे, पाट्या सुलट्या करायचे अन् मोंढ्यातून घेतलेला ठोक माल मांडायचे. मी गंगापूरकडून वांगे घेऊन यायची अन् मैदानाच्या भाईर, रस्त्याच्या कडंला उभी. ह्याला घेऊन." लेकराकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. "बसायला जागा हाय, दिसतीय, पण बसता येत नाय. आजी, तुमची पाटी खरी असंल. पण बघणाराला खरी-खोटी कशी कळावी?"

माझं तोंड थांबत नाही म्हणतात, ते तिथं थांबलं.

मग मी एवढंच म्हणाले, "बरं. जागा नको. पण जो आजारी आहे त्याचा माल तरी यावा. टेम्पो त्याच्याही दारात थांबू द्या. बाजारात त्याचा माल दुसऱ्या कुणी विकून द्यावा. तेवढं तरी लिहून घ्या." ते त्यांनी कबूल केलं. मग हात वर करायला सांगितले. मी केला. कुणी माझा हात धरून वर केला नाही, हे मी खालाला पुढं जसंच्या तसं सांगितलं, म्हणून इथंही सांगते.

चिठ्ठ्या सुरू व्हायच्या आधी मी तिची पाटी घेऊन दौलताबादला गेले. पॅसेंजरनंच गेले, ती यायची त्याच गाडीनं, उलट्या बाजूला. बाजेशेजारी पाटी ठेवली. ती पाटीकडं बघत राहिली.

"ले आयी?"

"आणली."

"कोण बोलला आण म्हणून?"

"सगळ्यांनी मिळून ठरवलं गं. मी बी हात वर केला."

"तूने?"

"व्हय. मीच."

मग मी तिला त्या वांगेवालीचं सांगितलं, व्यापाऱ्यांचं सांगितलं, टेम्पो दारात येईल ते सांगितलं. किती बोलले! ती बोलू देत होती. शेवटी तिनं एकच विचारलं, "बच्चा छोटा था?"

"कडेवरचं होतं."

"हौ," म्हणाली, अन् भिंतीकडं तोंड केलं. कूस वळायला तिला किती त्रास पडला ते मी बघितलं. सुनेनं चहा आणला. दोन कप आणले, दोन्ही भरलेले. खालाचा तसाच राहिला, साय धरली त्यावर. मी माझा प्याले. न पिता उठले असते तर भांडण झालं असतं. पिऊन उठले तर भांडणसुद्धा नाही झालं.

पुढच्या बहाराला तिच्या लेकाचा फोन आला. बाग उक्ती दिली. "अम्मीच बोली, दे दो," असं म्हणाला. कधी वाटतं, खुबा मोडला तेव्हाच बाग गेली होती. कधी वाटतं, मी पाटी नेऊन ठेवली तेव्हा गेली. माझ्या हातून चूक झाली असं मी म्हणत नाही. त्या लेकरवालीला आता वाळूजला बसायला जागा मिळते. ती मागं एकदा आमच्या बाजाराला आली, तर मला वांगी देऊन गेली, घेच म्हणाली. तरी लिंबाकडं बघायचं मी टाळते.

परवा बाजाराला माझी चिठ्ठी कडेची निघाली. लिंबाच्या बुडाशी कांदेवाला होता, भला माणूस. टेम्पो आला, माल उतरला. सगळ्यात शेवटी टेम्पोवाल्यानं एक पाटी माझ्यापुढं आणून ठेवली. म्हणाला, "दौलताबादची म्हातारी. बाग दिली, पण घरामागचं एक झाड दिलं नाय म्हणे. म्हणली, पालेभाजीवाल्या बाईलाच दे, दुसऱ्याला नाय."

थोडेच जांब होते. प्रत्येकाच्या देठाला एक पान, हिरवंगार. ती बाजेवरून उठली होती का, की सुनेला शेजारी उभं करून एकेक पान राखायला लावलं, ते टेम्पोवाल्याला माहीत नव्हतं. मी दोनदा विचारलं.

एक जुनं गिऱ्हाईक वाकून म्हणालं, "अरे, खाला आल्या का?"

"जांब आलेत," मी म्हणाले.

लवकर संपले. पाटी रिकामी झाली अन् माझ्या हातानं सवयीनं ती शेजारी पालथी घातली. कडेला बसायला जागा शोधणारी एक पोरगी तिच्यापाशी येऊन थबकली. आमच्याच भागातली असणार, पाटी ओळखली तिनं. "कुणी येणार आहे का हो इथं?" म्हणाली.

"नाही गं," मी म्हणाले. "बस तू."

पाटी उचलून सुलटी केली. आत अंबाडीची जुडी ठेवली, वरून ओलं फडकं टाकलं, अन् टेम्पोवाल्याला हाक मारली.