७०४ च्या पाटीसमोर गयाबाई

अकरा वर्षं मी एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. भुताखेताची बातमी आली की माझे तीन प्रश्न ठरलेले — कुठे, किती वाजता, आणि पाहणारा दुसरा कोण? बहुतेक बातम्या तिसऱ्या प्रश्नाला मरायच्या. या सदरातले अनुभवही मी आजवर त्यातल्या चुका शोधायलाच वाचत आलो. आज स्वतःचा लिहितो आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे आहेत. तरीही याची बातमी होत नाही...

आमची आवृत्ती बंद झाल्यावर मी पुनर्वसनाच्या घरांच्या पडताळणीचं कंत्राटी काम धरलं. तळवड्याच्या पुढे, चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यालगत झोपडपट्टीतल्या लोकांसाठी बांधलेली आठ मजली इमारत, सी विंग. घर ज्याच्या नावावर आहे तोच तिथे राहतो की भाडेकरू, हे मोबाइलवरच्या अ‍ॅपने तपासायचं. दाराच्या चौकटीवर क्यूआर कोडची पाटी रिव्हेट मारून बसवलेली. ती स्कॅन केली की एका मिनिटाच्या आत मालकाचा चेहरा कॅमेऱ्यासमोर हवा. कोणी नुसता फोटो धरून फसवू नये म्हणून फोनमधून सूचना येतात — डावीकडे बघा, उजवीकडे बघा, डोळे मिटा, उघडा. चेहरा जुळला तर हिरवी खूण, नाहीतर लाल. तीन फेऱ्यांत जुळला नाही तर घर रद्द.

हे काम करणाऱ्याला तिथे कोणी चहा विचारत नाही. "आला बघ चेहरेवाला," असं खालच्या कट्ट्यावरून ओरडायचे आणि दारं बंद व्हायची. एकदा वरून फरशी पुसलेलं पाणी अंगावर आलं. चुकून आलं नव्हतं.

सी विंगची अडचण अशी होती की घरं सोडतीत निघाली होती. सत्तरीच्या गयाबाईंना सातव्या मजल्यावरचं ७०४ लागलं, आणि स्वप्निल नावाच्या तरुण कामगाराला पहिल्या मजल्यावरचं १०४. लिफ्ट पहिल्या वर्षातच बंद पडली. गयाबाईंचे गुडघे गेलेले. मग मजल्यावरच्या लोकांनी बसून ठरवलं, वहीच्या कागदावर सह्या केल्या आणि दोघांनी घरं बदलून घेतली. माणसांच्या हिशेबाने प्रकरण मिटलं. अ‍ॅपच्या हिशेबाने दोघंही घुसखोर झाली.

स्वप्निलचं काम सोपं होतं. तो खाली आला, १०४ च्या पाटीसमोर उभा राहिला, हिरवी खूण घेऊन वर गेला. गयाबाईंना मात्र वर जावं लागणार होतं, आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी हलवायला सक्त मनाई केलेली. पायाला बांधलेलं वजन खाटेच्या कडेवरून लोंबत होतं.

दुसऱ्या फेरीला १०४ मध्ये मला घेरलं. पुढे विलास होता — शेजारच्या १०३ मधला, चाकणच्या एका कंपनीत फिटर.

"खालीच काढ ना राव फोटू. म्हातारी हीच हाय, घर बी हिचंच हाय. मोबाइलला मजला कळतो व्हय?"

"पाटी वर आहे. एका मिनिटात चेहरा लागतो."

"मग पाटी उपटून आणतो."

"पाटीला हात लावलात तर गुन्हा दाखल होईल."

"ह्याला उचलून न्या रे वर," मागून कोणीतरी म्हणालं, "आन् खिडकीतून सोडा. मिनिटात येतंय खाली."

लोक हसले. खाटेवरून गयाबाई म्हणाल्या, "भांडू नका रे. पाय बरा झाला की जाते की म्या वर."

"शेवटची फेरी मंगळवारी आहे," मी म्हणालो. याच शब्दांत, याच आवाजात. आज ते मला चांगलं आठवतं.

मंगळवारी भांडण टाळायला मी मागच्या जिन्याने चढलो. काम दोन मिनिटांचं होतं — पाटी स्कॅन करायची, मिनिट जाऊ द्यायचं, 'अनुपस्थित' दाबायचं. ७०४ चं दार अर्धं उघडं होतं. आत भिंतीला टेकून गयाबाई बसल्या होत्या. हिरवं पातळ, डाव्या कानात फूल, उजवा कान मोकळा. मागे स्वप्निलच्या कंपनीचं कॅलेंडर. शेवटी खालच्या लोकांनी बाईंना खुर्चीत घालून पुढच्या जिन्याने चढवलं, असं मी समजलो.

पाटी स्कॅन केली. सूचना सुरू झाल्या. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, डोळे मिटले, उघडले. हिरवी खूण. ११ वाजून ४२ मिनिटं.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली.

पुढच्या जिन्याने उतरलो. पहिल्या मजल्यावर १०४ च्या दारात दहा-बाराजण उभे होते.

"मारलीस ना लाल?" विलास म्हणाला. "आता झोपशील निवांत?"

"हिरवी आहे. पण बाईंना असं वर न्यायला नको होतं."

"कोणाला?"

मी आत पाहिलं. गयाबाई खाटेवर होत्या. हिरवं पातळ, डाव्या कानात फूल. वजन लोंबत होतं.

विलासने माझी कॉलर धरली. "खोटी एन्ट्री केलीस? म्हंजे उद्या तूच वर कळवणार, ह्यांनी फसवलं! थांब... सकाळधरनं शूटिंग चालू हाय माझं."

म्हातारी हलू शकत नाही याचा पुरावा म्हणून त्याने खाटेसमोर मोबाइल लावून ठेवला होता. त्याने तो माझ्या नाकासमोर धरला आणि क्लिप पुढे सरकवली. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ त्यात दिसत होतं.

अकरा बेचाळीस. छताकडे बघत पडलेल्या गयाबाईंनी तोंड डावीकडे केलं. मग उजवीकडे. डोळे मिटले, उघडले.

"झालं का?" असा त्यांचा आवाज क्लिपमध्ये स्पष्ट होता.

"काय झालं, आजी?" हा विलासचा.

त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. दोन सेकंदांनी मान डोलावली. दुसऱ्याच कोणाचं तरी उत्तर ऐकल्यासारखी.

कॉलरवरचा हात सुटला. सगळ्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. मग विलासची बायको उज्ज्वला हळूच म्हणाली, "अहो, ही क्लिप बाहेर गेली तर आजीचं घर गेलं."

विलासने माझ्यासमोर क्लिप डिलीट केली. "निघ. आन् परत ह्या बिल्डिंगीत दिसलास तर बघ."

मी वळलो तेव्हा खाटेवरून आवाज आला. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"पुन्यांदा वर बोलवू नको रे बाबा. लई पायऱ्या हायत."

७०४ गयाबाईंच्या नावावर कायम झालं. त्या दिवशी ७०४ ला सकाळपासून कुलूप होतं आणि किल्ली आपल्या खिशात होती, असं स्वप्निलने मला फोनवर सांगितलं आणि फोन ठेवला. कॅलेंडरसमोरचा फोटो सर्व्हरवर आहे, मी तो तीनदा उघडून पाहिला आहे. डेस्कवर असतो तर लिहिलं असतं, बातमीदाराला भास झाला. पण कॅमेऱ्याला काय झालं होतं, ते मला लिहिता आलं नसतं. उलगडा आजही नाही.

ही पडताळणी दर वर्षी होणार आहे. मी काम सोडलं. पाटी अजून सातव्या मजल्यावरच आहे.