वेबसाइटींचे तपासनीस

सरकारी वेबसाइट उघडण्याआधी दार वाजवणारा माणूस आख्ख्या महाराष्ट्रात एकच होऊन गेला, आणि तो आमच्या आत्तीचा नवरा होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मॉनिटरच्या कडेवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचं, जरा कान द्यायचा आणि मगच मला सांगायचं, "हं, दाब आता." आमच्यात आत्तीच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांच्या घरात आणि त्यांच्या गावात, गडमुडशिंगीत, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. उभी हयात त्यांनी शाळा तपासण्यात घालवली होती. न कळवता सायकलवरून गावात शिरायचं, प्रार्थनेआधी शाळेच्या दारात उभं राहायचं आणि उशिरा येणाऱ्या गुरुजींकडं काही न बोलता नुसतं बघायचं, ही त्यांची ख्याती. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही तेव्हा घरातले डबे तपासून त्यांनी आत्तीला जेरीस आणलं. नेमका त्याच सुमारास, दोन हजार सालाच्या जरा पुढं, मी शहरात, राजारामपुरीत, सायबर कॅफे टाकला आणि आत्तीनं मामांना तिथं पाठवून दिलं. माझ्यावर हे संकट सख्ख्या आत्तीनं घातलं, हे मी तिला शेवटपर्यंत ऐकवत होतो.

शाळा आणि वेबसाइट तपासायची रीत एकच, असं मामांचं ठाम मत होतं. दार लगेच उघडतं का? फळ्यावर आजची तारीख आहे का? गुरुजी जागेवर आहेत का, आणि आलेल्या माणसाला हवं ते न ओरडता सांगतात का? या चार गोष्टी बघायच्या, मग शेरा द्यायचा. एखाद्या खात्याचं पान उघडलं आणि मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आणि वाकडीतिकडी चिन्हं आली की ते चष्मा कपाळावर चढवायचे. "हे कुणाला वाचाय लिवलंय रं? मेल्याल्यास्नी?" मी फॉन्ट वगैरे समजावून सांगायला लागलो की म्हणायचे, "गुरुजीबी असंच सांगायचे. पोरांस्नी डोकं न्हाय, म्हणायचे." 'काम सुरू आहे' असं लिहिलेल्या पानावर फावडं घेऊन खणणारा एक छोटा माणूस असायचा. त्याच्याकडं ते फार वेळ बघत बसायचे. "ह्यो गडी गेल्या दिवाळीपासनं खणतोय. काय पुरतोय त्ये तरी इचारा त्याला." मी हसायचो. पण दुपारच्या वेळी कॅफेत दुसरं कुणी नसताना, त्या न थांबणाऱ्या फावड्याकडं बघून मलाही कसंतरी व्हायचं, हे खरं आहे.

कारण मामांच्या संगतीत वेबसाइट म्हणजे सोडून दिलेलं गाव वाटायला लागायचं. दिवे चालू, पाटी चकचकीत, आणि आत चिटपाखरू नाही. एका कार्यालयाच्या पानावर एक अधिकारी हसत उभे होते. मामा म्हणाले, "ह्यास्नी मी वळखतो. ह्यांच्या मयताला गेलतो मी." तरी त्यांनी माझ्या टेबलावरचा फोन ओढला आणि फोटोखालचा नंबर फिरवला. मी नको नको म्हणेपर्यंत पलीकडं कुणीतरी उचलला. मामांनी साहेबांना बोलवायला सांगितलं. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "भाईर गेल्यात. येतीलच. बसा."  भर उन्हाळ्यात माझ्या अंगावर काटा आला होता. मामांनी मात्र त्या कार्यालयाला बरा शेरा दिला, फोन तर उचलला म्हणून. दुसऱ्या एका पानाच्या तळाशी किती लोक येऊन गेले त्याचा आकडा असायचा. ते पान मामांशिवाय कुणी बघत असेल असं मला वाटत नव्हतं. पण आम्ही बघत असतानाच तो आकडा आपोआप पुढं सरकायचा. मामा मान वळवून मागं बघायचे. "आपल्याबरूबर कोण शिरलं रं आत?"

शेरे देऊन ते थांबत नसत, प्रत्यक्ष जाऊन सांगायचे. एकदा मला स्कूटरवर घेऊन एका खात्यात गेले आणि टेबलावरच्या माणसाला म्हणाले, "तुमच्या वेबसाइटचं मागचं दार बंद हाय. तक्रारीचं पान उघडत न्हाय." तो बिचारा खरंच उठून मागचं दार बघून आला. परत येऊन म्हणाला, "उगडंच हाय की ओ पावणं." मामांनी त्याला नापास केलं नाही. माणूस उठून तरी गेला, म्हणाले. वेबसाइट नावाचं आपल्या खात्याचं काही आहे, हे त्याला त्या दिवशीच कळलं असणार.

इतकं सगळं करणारा माणूस वेडा, असं माझ्या कॅफेत येणाऱ्या कॉलेजच्या पोरांचं मत होतं. माझंही काही दिवस तेच होतं. मग एकदा त्यांनी मला एका परजिल्ह्याच्या पोलिसांचं पान उघडायला लावलं आणि माझं हसू आटलं. त्या पानावर बेवारस सापडलेल्या मयतांचे फोटो होते. मामांचा धाकटा भाऊ, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला होता तो, नव्वदच्या दशकात एका सकाळी डबा घेऊन पहिल्या पाळीला म्हणून घरातून निघाला आणि तेव्हापर्यंत परतला नव्हता. भांडण नाही, काही नाही. सायकल एसटी स्टँडजवळ सापडली, नीट कुलूप लावलेली. मामांनी गावं पालथी घातली, दर्गे झाले, देवस्थानं झाली, चौक्या झाल्या. आता चौक्यांतले फोटो घरबसल्या दिसतात असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून आत्तीनं पाठवताच ते माझ्याकडं आले होते. बाकी खात्यांची तपासणी ही हात बसावा म्हणून होती. खरी शाळा ही होती. हे पान नीट उघडतं का, एवढाच त्यांच्या जिवाचा प्रश्न होता.

आणि ते नीट उघडायचं नाही. त्या वेळची आमची लाइन म्हणजे टेलिफोनच्या तारेतून थेंब थेंब येणारं पाणी. फोटो वरून खाली, पट्टी-पट्टीनं उतरायचा. आधी केस यायचे, मग थोडं कपाळ. मग थांबायचं. मामांचा भाऊ आणि मामा यांच्या चेहऱ्यात एकच खूण अशी होती की लपवून लपणार नाही, ती म्हणजे नाकावर एकमेकीला भिडलेल्या दाट भुवया. त्यामुळं सगळा फोटो यायची गरजच नव्हती, भुवयांपर्यंत आला की पुरे. पण तिथपर्यंत यायला जो वेळ लागायचा तो मी कुणा शत्रूलाही देणार नाही. पडद्यावर एक मेलेलं कपाळ, त्याच्यासमोर हे जिवंत कपाळ, घामानं डबडबलेलं, आणि मागं पंखा करकरतोय. कधी भुवया सुट्या निघायच्या आणि मामा मोठा श्वास सोडून म्हणायचे, "दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू गेलं. पुढचा दाब." कधी ऐन भुवयांवर लाइन तुटायची, नाहीतर वीज जायची आणि पडदा काळा व्हायचा. त्या काळ्या काचेत मामांचा स्वतःचा चेहरा दिसायचा, भुवयांसकट. मी घाईनं दिवा लावायचो.

मामांच्या घरी या तपासणीचा निकाल ऐकायला एक माणूस थांबलेलं असायचं. त्या धाकट्या मामी, हरवलेल्याची बायको. मूलबाळ नाही, माहेरी जायला तयार नाहीत. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातात बांगड्या, नवरा संध्याकाळी येणार आहे अशा थाटात वावरायच्या. त्या घरात जुनी रीत चालायची. थोरल्या दिरासमोर त्या कधी आल्या नाहीत, समोरासमोर एक शब्द बोलल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराआड पदर सारखा करत उभ्या राहायच्या आणि काय असेल ते आत्तीमार्फत. आम्ही सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, चपला काढल्या की आत बांगड्या वाजायच्या. आत्ती विचारायची, "इचारत्या की, उघडलं का?" मामा भिंतीकडं बघून मोठ्यानं सांगायचे, "उघडलं, पण त्यात कोण न्हाय म्हणावं." नाहीतर, "न्हाय उघडलं म्हणावं. बघू म्होरच्या टायमाला." बाकी साऱ्या दुनियेला शेरे देणारा माणूस हे सांगताना परीक्षेला बसलेल्या पोरासारखा व्हायचा. दोन माणसं एका छपराखाली इतकी वर्षं एकाच माणसाची वाट बघतात आणि त्यांच्यामध्ये बोलायला तिसरं माणूस लागतं, याचा मला तेव्हा राग यायचा. कसली डोंबलाची रीत, असं मी आत्तीला बोललोही होतो. ती म्हणाली, "तुला कळायचं न्हाय."

मग ब्रॉडबँड आलं. मी मोठ्या कौतुकानं ते घेतलं आणि मामांना सांगितलं, की आता वाट बघायचं काम नाही, दाबलं की समोर. त्यांना आनंद झाल्याचं दिसलं नाही. नेहमीसारखं दार वाजवून ते बसले. मी ते पान उघडलं, एक फोटो दाबला, भुवया सुट्या. दुसरा दाबला, सुट्याच. तिसरा दाबला आणि पापणी लवायच्या आत अख्खा माणूस समोर आला. आधी केस, मग कपाळ असं नाही, थांबणं नाही, एकदम सगळा. दाढी वाढलेली, डोळे मिटलेले, आणि नाकावर भुवया एकमेकीला भिडलेल्या. मला क्षणभर वाटलं, मामांचाच फोटो आहे. मी त्यांच्याकडं बघितलं आणि ते आहेत याची खात्री करून घेतली.

 मामांनी खाली लिहिलेलं मला वाचायला लावलं. परगावच्या स्टँडवर आजारी स्थितीत सापडलेला इसम, सरकारी दवाखान्यात मयत, वारस न मिळाल्यानं अंत्यविधी उरकला. सालही होतं, जुनं होतं. म्हणजे आम्ही कपाळाकपाळाला थांबत होतो तेव्हाच तो जाऊन बराच काळ झाला होता. मी म्हणालो, "मामा, फोन करूया का तिथं?" ते म्हणाले, "उद्या करू." मग, शाळेत शेरा देत असतील त्याच आवाजात, म्हणाले, "दार लगीच उघडलं. सगळं जाग्यावर हाय. काय बी दोष न्हाय." आणि उठताना टेबलाला धरून उठले. नंतर आम्ही दोघं, घरी न सांगता, त्या गावी जाऊन आलो. एका भल्या हवालदारानं जपून ठेवलेले कपडे दाखवले आणि शंकेला जागा उरली नाही. पण ते नंतर. त्या दिवशी मी त्यांना स्कूटरवरून गडमुडशिंगीला सोडायला गेलो. वाटेत त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तो दुखत होता.

सोप्यात चपला काढल्या. आत बांगड्या वाजल्या. आत्ती पुढं आली आणि म्हणाली, "इचारत्या की, उघडलं का?" मामांनी भिंतीकडं बघितलं. ज्या माणसानं आयुष्यात कुणा हेडमास्तराच्या चहाला भुलून एक मार्क वाढवला नव्हता तो म्हणाला, "न्हाय. उघडत न्हाय. बंदच पडलंय म्हणावं त्ये पान." इतकं कच्चं खोटं बोलणारा माणूस मी बघितला नाही. टोपी हातात घेऊन ते तिचा चोळामोळा करत होते. आत्तीच्या ते ध्यानात आलं, माझ्या आलं. गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ तेवढं ऐकू येत होतं.

आणि धाकट्या मामी दाराआडून बाहेर आल्या. पदर डोक्यावर होता, पण मान वर होती. सोप्याच्या मधोमध येऊन त्या मामांसमोर उभ्या राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी थोरल्या दिराला थेट म्हटलेला पहिला शब्द मी माझ्या कानांनी ऐकला.

"आण्णा," त्या म्हणाल्या, "आता नगा जाऊ बघाय. लई झालं तुमचं. हातपाय धुवा, ताट वाढते."

त्यानंतर त्या घरात तो प्रश्न कुणी विचारला नाही. मामा पुन्हा कॅफेत आले नाहीत आणि कुठल्या खात्याला शेरा दिला नाही. मामी मात्र त्यांच्याशी समोरासमोर बोलायला लागल्या. औषध घेतलं का, पाऊस येईलसं वाटतंय का, असलंच काहीतरी. कुंकू तसंच राहिलं. काही वर्षांनी त्या गेल्या तेव्हा बायकांनी त्यांना हिरवी साडी नेसवली, हिरव्या बांगड्या भरल्या, आणि सवाष्ण गेली, भाग्याची, असं एकमेकींत बोलत राहिल्या. मामा अंगणात खुर्चीवर बसून ते ऐकत होते. मी शेजारी जाऊन बसलो. 

"तिला ठावं होतं काय रं?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय मामा," मी म्हणालो. "मला वाटतंय, त्याच दिवशी."

त्यांनी मान हलवली. मग डोळे पुसायला माझ्याकडं रुमाल मागितला.