भुशाच्या अंगाला

मालनमावशी गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या. परभणीतल्या आमच्या दवाखान्यात त्यांना हार घालताना सगळ्यांनी त्यांच्या झाडलोटीचं कौतुक केलं. मला मात्र त्या आठवतात त्या दाराशी उकिडव्या बसलेल्या, चिमटीत कापूस धरून.

दवाखान्यातली हवेची यंत्रणा मी सांभाळतो. खोलीला हवी तेवढीच हवा सोडणारे डबे छतात असतात. डब्यातला सेन्सर हवा मोजतो आणि त्याप्रमाणे झडप उघडते-मिटते.

तीन वर्षांपूर्वी भाजलेल्या रुग्णांसाठी नवी खोली झाली. अशा खोलीतली हवा कायम बाहेर ढकलली गेली पाहिजे, नाहीतर बाहेरची धूळ आत येऊन जखम चिघळते. सोनपेठची सहा वर्षांची पिंकी, पाठ पोळलेली, दुसऱ्या दिवशी तिथं हलवायची होती. माझी सही तेवढी राहिली होती.

फरशी पुसता पुसता मावशी थांबल्या. "नागनाथभाऊ, वारं आत यायलंय."

"स्क्रीनवर आकडा बरोबर आहे, मावशी. तुम्ही तुमचं काम करा." बोललो कसला, खेकसलोच. पंधरा वर्षं हवेच्या कामात घालवलेल्या माणसाला फरशी पुसणाऱ्या बाईनं शिकवावं, हे मला झोंबलं होतं.

मावशी दाराबाहेर उकिडव्या बसल्या. कापूस पिंजून एक तंतू दाराच्या खालच्या फटीशी सोडला. तो सुळकन आत गेला.

मी शिडी लावली. डबा पत्र्याच्या नळीच्या वळणाला चिकटून बसवलेला. वळणावर हवा गरगरते. सेन्सरला ती होती त्याहून जास्त वाटत होती, म्हणून झडप निम्मी मिटलेली. शोषणारा पंखा मात्र खोलीतली हवा पुरेपूर ओढत होता, आणि कमी पडलेली हवा दाराच्या फटीतून आत येत होती.

माझ्या बापानं उभ्या जन्मात गोठ्याच्या कोपऱ्याजवळ उपणणीची, वर उभं राहून धान्य वाऱ्यावर सोडायची तिवई मांडली नव्हती. तिथं वारं घुमतं आणि भुसकट परत दाण्यात पडतं. ज्वारीची ती रास, बापाच्या हातातली तिरपी पाटी, अंगभर खाज, सगळं एकदम आठवलं. आता गावात मशीन येतं आणि तासाभरात काम उरकतं. खळं गेलं, आणि मी तर त्याच्याही आधी ते विसरलो होतो. लाज वाटली.

"तुमाला कसं कळलं, मावशी?" माझी गावची बोली आपोआप तोंडात आली.

"दुसऱ्याच्या खळ्यावर रोजानं जायचो आमी. मालक वर तिवईवर, आमी खाली भुशाच्या अंगाला. वारं फिरलं की आदी आमच्याच डोळ्यात. मग कळंना व्हय?"



सही केली नाही. डॉक्टरांची बोलणी खाल्ली, पिंकीला एक दिवस थांबवलं आणि डबा वळणापासून लांब, सरळ नळीत हलवला. दुसऱ्या दिवशी काम संपलं तेव्हा दिवे लागले होते. मावशींची पाळी कधीच सुटली होती, तरी त्या घरी गेल्या नव्हत्या.

त्या बाहेर फटीसमोर वाकून बसल्या. मी आत, दार लावून. कापसाचा तंतू सोडला. तो फरशीवरून सरकत फटीतून निघून गेला.

"आलं, भाऊ! तोंडावर आलं!"

दार उघडलं. मावशी हसत होत्या. तंतू गालाला चिकटलेला होता, तो त्यांनी पुसलाही नाही.

"आता आना लेकराला," त्या म्हणाल्या.